करवतीची बॅटरी

प्रिय कपिल,

सप्रेम जयभीम. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला बोलता येणार नाही. म्हणून आळेफाट्याच्या गॅरेजात, भर दुपारी शटर अर्धं ओढून हे लिहितोय. तीन कागद फाडून झाले. हा फाडायचा नाही असं ठरवलंय.

सोमवारी शिनोलीचा ऋषी आला होता, तुझ्या वर्गातला. वाऱ्याने त्याच्या गोठ्यावर आंब्याचं झाड पडलंय. फांद्या कापायच्या, पत्र्याखालचे वाकलेले पाइपही कापायचे. आपल्याकडे आहे तशी पुढंमागं पातं चालणारी करवत त्याला घ्यायची होती. मी त्याला बसवून घेतलं. म्हटलं, गोठ्यापर्यंत वायर ओढण्यापेक्षा बॅटरीची घे. ट्रिगर दाबावा तसा वेग कमीजास्त होणारी बघ. दुकानात हातात धरून बघ, जड वाटली तर सोडून दे. लाकडाला मोठ्या दातांचं पातं, पाइपाला बारीक दातांचं. आधी गोठ्याची लाइट बंद कर. पात्याच्या मुळाशी असतो तो लोखंडी बूट कापायच्या वस्तूला घट्ट टेकव, नाहीतर मशीन हाताला हिसके देतं. दोन्ही हातांनी धर, चष्मा लाव. दबलेली फांदी कापली की उसळते, तिच्या वाटेत उभा राहू नको. सांगताना मला बरं वाटत होतं. लई दिवसांनी कुणी मला काही विचारत होतं.

शेवटी म्हणालो, पातं बदलायच्या आधी बॅटरी काढायची. त्यावर तो सहज म्हणाला, "ते ध्यानात हाय, काका. कपिल तेवढंच इसरला व्हता ना."

हातातलं पातं मी खाली ठेवलं.

तुझी उजव्या हाताची दोन बोटं गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तू गॅरेजात पाऊल टाकलं नाहीस. मशीनवर एवढा चांगला हात असलेला माणूस नाशिकला गोदामात पोती मोजतोय. मी गावभर सांगत राहिलो, पोराचं लक्ष नव्हतं. खरं तर तुझ्याइतकं जपून काम करणारं मी कुणी पाहिलं नाही. काम थांबलं की तू बॅटरी काढून वरच्या फळीवर ठेवायचास. मी चिडायचो, दर वेळी तिथवर हात कोण लांबवणार म्हणून. तू नुसता हसायचास.

परवा सूनबाईने, वैष्णवीने, तुझ्या आईला फोन केला होता. आपली नात आरोही आठ महिन्यांची झाली, आणि तू अजून तिला उभ्याने उचलून घेत नाहीस म्हणे. वैष्णवीने लई आग्रह केला तेव्हा तू म्हणालास, "माझ्या हातांचा भरवसा नाही, मी कधी काय विसरेन." तुझी आई हे सांगताना रडत होती आणि मी भिंतीकडे बघत बसलो होतो. तेव्हापासून मला झोप नाही.

कपिल, तू विसरला नव्हतास. त्या दिवशी तू नवं पातं आणायला पलीकडच्या दुकानात गेलास तेव्हा बॅटरी फळीवरच होती. ट्रकवाला घाई करत होता, म्हणून मी ती काढून मशीनला लावली, आणि तू आलास तेव्हा सांगायचं राहिलं. तू पातं बसवताना तुझा तळवा ट्रिगरवर पडला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुझ्याआधी मीच बोललो, बॅटरी काढायची विसरला. तू कळवळत होतास, माझ्याकडे बघितलंस आणि होय म्हणून मान हलवलीस. बाप खोटं बोलेल असं तुझ्या मनातही आलं नाही. ऋषीला मी हे तिथंच सांगितलं. तुझ्या आईला काल सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला कशाला सांगता? त्याला सांगा." माफी मागायला मला तोंड नाही. रागाने ये, चार माणसांत मला बोल, पुन्हा बाप म्हणू नकोस. पण हे वाचून झालं की आरोहीला उचलून घे. चूक माझ्या हातांची होती, पोरा. तुझ्या हातांत तिला काही होणार नाही.

तुझाच,
भागुजी