बिनसावलीची दुपार

पिपरी मेघे, वर्धा
३ जुलै

ती. आबाजींना गुंजनचा सा. न. वि. वि.

परिसर अभ्यासात संदेशवहनाचा धडा झाला. रक्षा मॅडमनी प्रत्येकाला एक खरं पत्र टाकायला सांगितलं. बाकीच्यांना माणूस सापडेना. मला लगेच तुम्ही आठवलात, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही नुसतं हो हो म्हणता.

तुमची छत्री मी शाळेत नेते. तिच्यात आम्ही तिघी मावतो. पण ऐन पावसाळ्याच्या तोंडावर ती मला का दिली? बाबांना घड्याळ, आत्याला चांदीचा करंडा. बाबा म्हणतात, म्हातारपणी माणूस असा मोकळा होतो.

आजीला नमस्कार. लोभ असावा, आणि उत्तरही.

तुमची
गुंजन


समुद्रपूर
८ जुलै

चि. गुंजनला अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र वर्गात दाखवू नकोस.

वैशाख सरता सरता मी भर दुपारी शेतात होतो. हातातली काठी जमिनीत रोवली. तिची सावली पडली नाही. स्वतःभोवती पाहिलं. माझीही नव्हती. ऊन तर डोळे मिटावे असं. माझ्या आजानं सांगून ठेवलं होतं की ज्याला आपली सावली दिसत नाही, तो त्या साली दिवाळी पाहत नाही.

कोणाला बोललो नाही. ज्याचं त्याला देऊन टाकलं. भ्यायलो असं नाही. पण आजी विचारते, पुढच्या वर्षी काशीला जायचं का, तेव्हा मी उठून गोठ्यात जातो.

तुझ्या बाबाला कळू देऊ नकोस. तो गाडी काढून धावत येईल.

माया आहे तशी राहू दे.

तुझे
आबाजी


पिपरी मेघे
१४ जुलै

ती. आबाजींना सा. न. वि. वि.

पत्र वर्गात दाखवलं नाही. मॅडमना तोंडी सांगितलं, ते तुम्ही मना केलं नव्हतं.

त्या हसल्या नाहीत. खिडक्या लावून घेतल्या. पृथ्वीगोलावर आपल्या जागी ओल्या मातीत टाचणी उभी केली, टॉर्च लावला आणि गोल हळूहळू फिरवला. टाचणीची सावली लांब होती, मग आखूड झाली, मग नाहीच. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दिल्लीला कधीच येत नाही.

आबाजी, तुमची सावली गेली नव्हती. ती तुमच्या पायांखाली होती. येत्या रविवारी, बारा वाजून गेल्यावर पुन्हा तसंच होईल. ढग असले तर दिसणार नाही. एकटे उभे राहू नका, आजीला न्या.

माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

गुंजन


समुद्रपूर
२० जुलै

चि. गुंजनला अनेक आशीर्वाद, वि. वि.

सकाळपासून झाकोळ होता. आजीला कारण न सांगता नेलं. वाटभर तिचं चालू होतं, मले काऊन आणलं, पोळ्या करायच्या राह्यल्या. शेजारचे लक्ष्मणराव कपाशीतली डवरणी थांबवून बैलांसकट आले. काठी रोवली. आभाळ फाकलं.

सावली आखूड होत काठीच्या बुडाशी आली आणि आत गेली. विजेच्या खांबाची नाही. आजीची नाही. कपाशीच्या एकाही रोपाची नाही. बैलांची फक्त पोटाखाली. सगळं शिवार उजेडात उभं होतं आणि जमिनीवर कुणाची खूण नव्हती. एवढा सूर्य, आणि आमच्या वावरावर नेमका, ना इकडे ना तिकडे. मी टोपी काढली. माझा आजाही असाच उभा राहिला असेल. त्याला कोणी पृथ्वीगोल दाखवला नाही.

तेव्हा मी आजीला सगळं सांगितलं. तिनं आपल्या पायांशी पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग मी बी मरतो का आता, अन् हे बैल बी?"

लक्ष्मणराव हसले. मला हसू यायला वेळ लागला. तोवर काठीच्या बुडाशी, दुसऱ्या अंगाला, बारीक काळी रेघ निघाली होती. ती वाढताना आम्ही तिघं पाहत राहिलो.

परत येताना आजीनं काशीचं विचारलं. जाऊ म्हटलं.

मॅडमना माझा नमस्कार सांगजो. छत्री तुझ्याकडेच राहू दे. संध्याकाळी बाजारातून नवी आणली. दुकानदार म्हणाला, पाच वर्षं जाते. मी म्हटलं, दहा वर्षं जाईल अशी दाखव.

लोभ वाढवीत राहा.

तुझे
आबाजी