मिनेसोटातले रांजणखळगे

प्रिय हिमानी,

व्हिसा मिळाल्याचा तुझा मेसेज वाचला. खालची ती नाचणारी चित्रं बघून मलाही क्षणभर नाचावंसं वाटलं. किती वाट पाहिलीस! कुठल्या तारखेचं तिकीट काढू म्हणून विचारलंयस. उत्तर फोनवरही देता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे मी तुझ्या बहिणीशी लग्न केल्यापासून भोगतोय. म्हणून पत्र. भावोजींचं लेक्चर आलं म्हणून हसशील. हस. अर्धं पत्र दगडांबद्दलच आहे.

शोभा शरीराने ठीक आहे. जेवते, वेणी घालून घेते. मी घातलेली वेणी कशी दिसते ते विचारू नकोस. नाव विचारलं तर माहेरचं सांगते. मला कधी मास्तर समजते, कधी ड्रायव्हर. तुझं नाव मात्र दिवसभर तिच्या तोंडात असतं. म्हणूनच तू हट्टाने व्हिसाच्या मागे लागलीस. माझीही तीच आशा होती, की तू समोर उभी राहिलीस तर काहीतरी परत येईल.

दर शनिवारी आम्ही सेंट क्रॉय नदीच्या घळईत जातो. रिटायर झाल्यापासून तिथल्या पार्कात मी लोकांना दगड दाखवतो, फुकट. जन्मभर पुलांच्या पायासाठी खडक फोडलात, आता त्याची माफी मागताय, असं आमची लेक रुचा म्हणते. घळईतला कातळ काळा आहे, आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाचा, पण त्याच्यापेक्षा फारच म्हातारा, शंभर कोटी वर्षांपलीकडचा. हिमयुग संपताना उत्तरेकडे वितळलेल्या बर्फाचं एक अफाट सरोवर साठलं होतं. त्याचं पाणी या वाटेने सुटलं आणि कातळ चिरत गेलं. भोवऱ्यांत सापडलेले गोटे गरगरत राहिले आणि त्यांनी खडकात रांजण कोरले. काही इतके खोल की आत दोन मजली घर उभं राहील. लोक मला हमखास विचारतात, नदी अजून कोरतेय का? मी सांगतो, नाही. या नदीत तेवढा जोर नाही. ते पाणी केव्हाच गेलं.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. शिरूरला वाढलेल्या मुलीला काळ्या कातळातले रांजणखळगे दिसले, तर ती कुठे आली असं समजेल? पहिल्याच दिवशी गाडीतून उतरून शोभा काठाशी गेली आणि म्हणाली, "निघोज आलं." इतका स्वच्छ आवाज मी कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. आणि माझ्यातला इंजिनियर गप्प बसेना. ही निघोजची कुकडी नदी नव्हे, तिथे बर्फ कधी आला नाही, तिथलं सगळं काम नदीनेच केलं, असं मी तिला समजावू लागलो. ती रडायला लागली. हे कळल्यावर रुचा फ्रिस्कोहून फोनवर माझ्यावर ओरडली, "बाबा, लेट हर बी ना! तिला काय एक्झाम द्यायचीय का?" त्या दिवसापासून सेंट क्रॉयची कुकडी झाली.

आता शोभा पर्समध्ये कुंकवाची डबी घेऊन येते. निघोजच्या मळगंगादेवीच्या नावाने एका रांजणाच्या काठाला हळदकुंकू लावते, पदर नसला तरी जॅकेटची टोपी डोक्यावर ओढून नमस्कार करते. डायेन नावाच्या रेंजर बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं, की खडकाला काही लावायची परवानगी नाही. मग शोभाला गाडीत बसवून मी ओल्या रुमालाने सगळं पुसून येतो. पुढच्या शनिवारी ती पुन्हा लावते आणि डायेन दुसरीकडे बघते. तेवढा तासभर ती सुखात असते, हिमानी. बाकी आठवड्यात सुख असं काही नाही.

मागच्या व्हिडिओ कॉलवर तिने तुला "नमस्कार काकू" म्हटलं आणि तू खो खो हसलीस. तुला वाटलं, ताई पूर्वीसारखी टिंगल करतेय. ती टिंगल नव्हती. तिला खरंच एक पांढऱ्या केसांची काकू दिसली.

तरी मी आशा सोडली नाही. व्हिसा मिळाल्याचं तिला सांगायचं तर घळईतच, असं ठरवलं. हिमी येणार म्हटल्यावर ती इतकी खुलली! रांजणाच्या काठाशी बसून आत वाकून हाका मारायला लागली, "हिमे, वर ये गं, आई ओरडेल." लहानपणी तू आत लपून बसायचीस आणि ही तुझ्या चपला सांभाळत काठावर बसायची, ते सगळं तिथे चालू होतं. मी फोनमधला तुझा आत्ताचा फोटो उघडला आणि तिच्यापुढे धरला. म्हटलं, ही बघ हिमानी. तिने फोटोकडे बघितलं, रांजणाकडे बघितलं, आणि किंचाळली. हिमी कुठे आहे? बुडाली का? तुम्ही सांगत का नाही? घरी येईपर्यंत ती छाती बडवून तुझ्या नावाने रडत होती. सकाळी विसरली. मी विसरलो नाही.

तर तिकीट काढू नकोस. तुझ्या चेहऱ्यावरून तिला एवढंच कळेल की ती मुलगी आता नाही, आणि तू असशील तोवर ती तुझ्याच डोळ्यांदेखत तुझं सुतक पाळेल. पुढच्या वर्षी ये, असंही म्हणता येत नाही. डॉक्टर म्हणतात, बोलणं हिवाळ्यापर्यंत टिकलं तर टिकलं. म्हणजे मी तुला तुझ्या बहिणीच्या शेवटच्या भेटीला येऊ नकोस म्हणतोय, हे मला पुरतं कळतंय. तू रागावशील, मला हक्क काय म्हणशील. शनिवारी मी तिला पुन्हा घेऊन जाईन. ती काठावर बसून तुला हाका मारेल आणि मी सांगेन, हिमी येतेच आहे.

तुझाच,
मोहनभावोजी