शीतळेचा खळाळ

भाद्रपद वद्य ३०, शके १८०२. कल्याण.
लेक गोदीचे सासरहून पत्र. तिच्या गावच्या नदीपलीकडच्या पाड्यात देवी आल्या. दोन मुले गेली. आमची ठकी दीड वर्षाची, तिला अजून टोचलेले नाही. मी वीस वर्षे गावोगाव मुलांना देवी टोचत फिरतो आणि माझीच नात राहिली. विहीणबाई नको म्हणाल्या, मी भिडेस्तव गप्प बसलो.

आश्विन शुद्ध १.
सकाळी घट बसवले, लगेच गाडीने ठाण्यास. डॉक्टरसाहेबांनी लशीच्या चार काचनळ्या दिल्या. म्हणाले, उष्मा फार, पाच दिवसांत लावा. ओल्या फडक्यात गुंडाळून वेळूच्या नळकांड्यात ठेवल्या.
परतीच्या पावसाने गोदीच्या गावची गाडीवाट वाहून गेली आहे. काळू नदीने होडीतून वर जायचे. सणाचे कोळीवाड्यातून कोणी येईना. शेवटी धोंडू नाखवा तयार झाला, एका अटीवर. दुसरे वल्हे मी मारायचे. सौ. म्हणाली, पन्नाशीला आलात. मी म्हटले, म्हणूनच.

शु. २. नदीकाठी, एका देवळाच्या ओसरीत.
भरती होती तोवर सुख. मग पाणी समोरून. होडी एका लाकडाची कोरलेली, अरुंद. मी पुढे गुडघ्यावर, धोंडू मागे. त्याची रीत अशी: धारेशी भांडायचे नाही. प्रत्येक खडकामागे थोडे निवांत पाणी असते, तिथवर जीव खाऊन मारायचे, तिथे दम घ्यायचा, मग पुढचा खडक. होडीचे नाक धारेकडेच हवे. आडवी झाली की संपले.
तळहात सोलले. तरी आज परमेश्वराचे आभार मानल्यावाचून झोपवेना. इतक्या वर्षांत नदीकडे कधी इतके लक्ष देऊन पाहिले नव्हते. आणि प्रत्येक खडकामागे विसावा ठेवलेला.

शु. ३. गोदीच्या घरी, संध्याकाळी.
लिहायची लाज वाटते, पण लिहितो.
गावाखाली अर्ध्या कोसावर मोठा खळाळ आहे, खडकांतून पाणी उसळत उतरते. डाव्या काठी उंबराखाली शीतळेचा शेंदरी धोंडा. आम्ही धारेच्या मधोमध. धोंडा दिसला, आणि जन्माची सवय, मी वल्हे सोडून हात जोडले.
निमिषभर. वल्हे गेले. होडी गर्रकन आडवी होऊन खडकावर आपटली, अर्धी भरली. धोंडूने कसे सावरले देव जाणे. काठाला लागल्यावर त्याने होडीतले पाणी उपसले. मग म्हणाला, "भाऊ, देवीला वल्हं मारणारं हात चालत नाय का?"
नळकांडे उघडले. चारपैकी तीन नळ्यांचा चुरा. एक शाबूत.
एक नळी म्हणजे एक मूल. पण त्या मुलाच्या दंडावर फोड नीट धरला, तर आठव्या दिवशी त्यातूनच इतरांना लावता येते. म्हणजे ठकीच्या दंडावर सगळे गाव.
वरचा टप्पा धोंडूने काठाने दोर लावून ओढत काढला. मी मागून ढकलत.

शु. ४.
सकाळी विहीणबाईंनी साफ सांगितले. नवरात्रात लेकराच्या अंगाला लोखंड लागणार नाही, शीतळा येईल तेव्हा तिचा मान ठेवू. जावई आईपुढे बोलत नाहीत. गोदी चुलीपुढे पाठमोरी. मी गावोगावचे दाखले दिले, एकही लागला नाही. लस आणखी किती टिकेल या विचाराने जेवण गेले नाही.
धोंडू अंगणात भाकरी खात बसला होता. कोणी न विचारता त्याने कालची हकीकत सुरू केली. माझी नक्कल केली, डोळे मिटून हात जोडलेला मी आणि फिरणारी होडी. "आई, तुमचं व्याही देवीला बघून वल्हं सोडतात. उद्या सुई सोडली तर सावराया मी नाय."
विहीणबाई हसल्या. सहा वर्षांत त्यांना हसताना पाहिले नव्हते. मग माझ्याकडे वळल्या.
"खरेच सोडलेत?"
"सोडले. चूक झाली."
त्यांनी घटापुढच्या दिव्याची वात पुढे सारली. म्हणाल्या, "ती सुई आधी तिच्यापुढे ठेवा. मग लावा."
सुई, नळी, दोन्ही घटापुढे ठेवली. कुंकू वाहिले. ठकीला त्यांनी स्वतःच मांडीवर घेतले, दंड धरला. ती रडली, त्याही डोळे पुसत होत्या. टोचणी मात्र एका दमात नीट बसली. ही कृपा कोणाची म्हणू? देवीची, डॉक्टरांची, की धोंडूच्या जिभेची. तिघांनाही नमस्कार.

शु. ५. कल्याण.
घरी घट बसलेला म्हणून परतलो, आठव्या दिवशी पुन्हा वर जायचे. दोन दिवसांची वाट उतारावर अर्ध्या दिवसात. गेलेले वल्हे करंजाच्या मुळांत अडकलेले सापडले. धोंडूने ते मला न देता स्वतःकडे ठेवले.

शु. ८.
तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुळी दिसायला हवी. दिसली असेल काय? उष्म्याने लस मेलीही असेल. एकाच टोचणीवर भरवसा. पूजेत मन लागत नाही. आज देवीकडे काही मागितले नाही, झाले तेवढ्याबद्दलच हात जोडले. मागणे आपोआप आत शिरले.

शु. ९.
नवमीलाच निघालो, धोंडूने ऐन सणात घर सोडले. उपकार कसे फेडू विचारले, तर म्हणे नीट वल्हवा.

शु. ११. खळाळाखाली, सकाळी.
काल दसरा नदीतच. वल्ह्यांनाच झेंडू वाहिला. आज आठवा दिवस. काठावर गावचा एक गुराखी भेटला. म्हणाला, तुमच्या विहीणबाईंनी आठ-दहा घरच्या बायका पोरांसकट अंगणात बसवून ठेवल्या आहेत. फोड धरला का, विचारले. त्याला ठाऊक नाही. विहीणबाई कोणाला दंड बघू देत नाहीत, दृष्ट लागेल म्हणून.
धोंडूने माझे वल्हे दोरीने मनगटाला बांधले आहे. उंबर येथून दिसतो, शेंदूरही. नमस्कार आत्ताच, काठावरून, करून घेतला.
तो हाक मारतो आहे. वही मेणकापडात बांधतो. आता दोन्ही हात लागतील.