झाकणाच्या आतला मजकूर

शुक्रवार, ता. ९

चि. बारके,

आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात. माझी तब्येत तिच्या मते उत्तम, स्वभाव तेवढा अजून नादुरुस्त. दादाची पोरं त्याच्या खांद्याला लागली. आठ वर्षं तू आईशी फोनवर बोलतेस आणि मी शेजारी बसून खोकतो, तेव्हा माझा खोकला तुला माहीत आहेच. आज लिहायला बसलो कारण तुझा कॉम्प्युटर बंद पडला होता.

तुझा म्हणजे आपल्या बुटांच्या कारखान्यातला. दोन पाय सारखे नसलेल्या चारशे बारा माणसांच्या पावलांची मापं त्या एका पेटीत आहेत, हे मी तुला काय सांगणार! हल्ली एक माप उघडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. म्हणून दादाने आत नवा बोर्ड आणि नवी मेमरी घालून आणली. डिस्क जुनीच ठेवली, मापं तिच्यात आहेत म्हणून. बटण दाबलं, चिन्ह आलं, मग निळा पडदा, आणि परत पहिल्यापासून. तासभर त्याचं हेच रडगाणं.

दुरुस्तीवाला आला. माणूस चांगला, उगाच दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवत नाही. त्याने मेमरी काढून घातली, वायर बदलली, सेफ मोडमध्ये शिरून पाहिलं. निळा पडदा काही हटेना. शेवटी म्हणाला, डिस्क ठणठणीत आहे, पण सिस्टीमचं नव्या बोर्डाशी जमत नाही; सगळं पुसून नवी सिस्टीम टाकू. मापांच्या फायली आधी काढून देतो, पण त्या उघडणारा हा घरगुती प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर चालेल याची खात्री नाही. दादा हो म्हणाला. मी नाही म्हणालो. का, ते मला सांगता येईना. तू लिहिलेल्या त्या प्रोग्रॅमशिवाय कारखान्यात तुझं काही उरलेलं नाही, हे त्या दोघांसमोर बोलायला जीभ रेटली नाही. उद्यापर्यंत थांबा, एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून पेटीकडे बघत होतो. मनात म्हटलं, अरे, पोरगी आपल्याच हाताखाली शिकलीये. आपण बुटाची माहिती कुठे लिहितो? आतल्या तळव्याखाली. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, पण पुढे जो कोणी बूट उसवेल त्याला पहिली तीच दिसते. पेटीचं झाकण या दोघांनी दहादा काढून भिंतीला टेकवलं होतं, उलटून कोणी बघितलं नव्हतं. मी उलटलं. कातड्यावर खुणा करायच्या आपल्या पांढऱ्या पेनने, तुझ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं.

"बोर्ड बदलला तर निळा पडदा येईल. घाबरू नका. नवा बोर्ड डिस्कचा मोड, म्हणजे तिच्याशी बोलायची पद्धत, स्वतःच्या मर्जीने धरतो. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन पहिल्यासारखा आयडीई करा. पुसू नका."

दुरुस्तीवाल्याने येऊन मोड बदलला आणि बये, सिस्टीम उठली की! अक्षरं ही एवढाली, आवाज गायब, प्रिंटर ओळख दाखवेना. मग एकेक ड्रायव्हर घालायचा, बंद करायचं, चालू करायचं. मध्येच सिस्टीमने परवान्याची किल्ली मागितली. तीही तू लिहून ठेवली होतीस, पंचवीसच्या पंचवीस अक्षरं. दुरुस्तीवाला म्हणाला, या बाईंनी माझ्या पोटावर पाय दिला. मी म्हटलं, पोरगी कुणाची आहे! आणि लगेच लाज वाटली.

मग कातड्याचा पहिला नमुना कागदावर छापला. जरा आखूड वाटला. कोपऱ्यात तुझी दहा सेंटिमीटरची रेघ होती, तिला पट्टी लावली तर नऊ पूर्णांक सात. नवा ड्रायव्हर कागदात बसवायला चित्र आक्रसत होता. अधू पावलाला तेवढ्याने फोड येतो. बारके, आठ वर्षं ती रेघ मला शोभेची वाटत होती. दर वेळी मी ती आधी कात्रीने उडवायचो. चाळीस वर्षं कातडं कापतोय, पण चूक पकडायची सोय आधीच करून ठेवावी हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तुझ्या आलं, आणि तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस. तुझं फार कौतुक वाटलं.

झाकणावर अगदी खाली लिहिलंय, "बनवणारी: बारकी", आणि तारीख. हॉस्पिटलात आपल्या कारखान्याचा सत्कार झाला, त्याच्या आदल्या दिवसाची ती आहे.

आता आडवळणं पुरे. सत्काराच्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांनी भर सभेत विचारलं, मापांची ही पद्धत कोणी तयार केली, आणि मी दादाचं नाव सांगितलं. कारखाना पुढे तो चालवणार, तू लग्न होऊन जाशील, असं माझं गणित. तू तिसऱ्या रांगेत होतीस. मी तुझ्याकडे ठरवून बघितलं नाही. महिन्याभरात तू गेलीस, आणि मी लोकांना सांगत सुटलो की तिला इथलं काम आवडत नव्हतं.

काल हॉस्पिटलात पायांच्या तपासणीचा दिवस होता. मी झाकण काखेत मारून गेलो. डॉक्टर, नर्स, पंचवीसेक पेशंट, सगळ्यांसमोर सांगितलं की पद्धत माझ्या मुलीची आहे आणि मी खोटं बोललो होतो. डॉक्टरांनी झाकण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि हळूच टेबलावर ठेवलं. दादा मागेच उभा होता. तो चिडेल असं वाटलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबा, या एका गोष्टीपायी मला आठ वर्षं तिला फोन करायचं तोंड नव्हतं."

माझं चुकलं, बारके. माफ करच असं म्हणत नाही, ये असंही म्हणत नाही. फक्त एक विचारायचंय. डिस्क ठणठणीत असली तरी फार जुनी झाली आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, सगळ्याची नक्कल नव्या डिस्कवर घेऊ. दादा थांबलाय, मीही थांबलोय. काम तुझं आहे, तू सांगितल्याशिवाय कोणी हात लावणार नाही. काय करायचं, ते तू सांग.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेला,
बाबा