संमतीचा रकाना

३ जून
पाटणला रुजू झाले. खासगी मनोरुग्णालय, बायकांच्या सोळा खाटा, खिडकीबाहेर जांभूळ. मानसतज्ज्ञ म्हणून पहिलीच नोकरी. डॉक्टर वीरधवल स्वतः स्टँडवर न्यायला आले. सांगलीत आई उगाच काळजी करत होती. इथली भाकरी तिच्या हातच्या भाकरीपेक्षा चांगली आहे, पण हे तिला सांगणार नाही.

५ जून
नोंदवही चाळली. दाखल होण्याच्या संमतीच्या रकान्यात प्रत्येकीच्या नावापुढे एकच शब्द: 'बरं'. हसूच आलं. आमच्याकडे बायका वडीलधाऱ्यांच्या सगळ्या बोलण्याला 'बरं'च म्हणतात. त्याचा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो.

८ जून
राहीबाई जतकडच्या, धनगर घरातल्या. भाऊ म्हणाला, गोळी घेऊन माघारी येऊ. त्या 'बरं' म्हणाल्या. त्याला चार वर्षं झाली. आता ठणठणीत आहेत. मला विचारत होत्या, "मला घरी जायाचं हाय, बाई. कवा सोडत्यात?" लाज वाटली. स्वतःच्या संमतीने आलेल्या माणसाला मागेल तेव्हा सोडायचं, असा कायदा आहे. अर्ज मी लिहिला, अंगठा त्यांनी दिला.

९ जून
डॉक्टर रागावले नाहीत. अर्ज दोनदा वाचला आणि मला झोप नीट लागते का, विचारलं. नंतर परिचारिका मंगलताई हळूच म्हणाल्या की असा अर्ज लिहिणारी मी पहिली नाही. आधीची कुठे असते, विचारलं. त्यांनी सात नंबरच्या खाटेकडे पाहिलं.

११ जून
राहीबाईंना सुई दिलीय. मला ओळखत नाहीत. सात नंबरवालीशी बोलायला गेले, ती भिंतीकडे वळली. मला भीती वाटतेय.

१२ जून
आईचा फोन. डॉक्टरांनी तिला कळवलंय की मी जेवत नाही, पेशंटची दुखणी अंगाला लावून घेते. जेवते की मी. दादा यायला निघालाय—

१३ जून
दादाने काही ऐकूनच घेतलं नाही. म्हणाला, चार दिवस इथंच विश्रांती घे. दमले होते, वाद नको होता. सवयीने तोंडातून गेलं, 'बरं.'
डॉक्टरांनी नोंदवही उघडली.

तारीख कळत नाही
आठ नंबर. मोबाईल काढून घेतला. 'नाही' म्हटलं की सुई. ओरडले, तर आजार वाढला म्हणतात. गप्प बसले, तरी—
वही मंगलताईंनी लपवून दिली. अर्जाला कागद मागितला, तर म्हणाल्या, ह्यातलाच घ्या. शेवटचं पान आहे. पावलं येतायत—

मा. डॉक्टरसाहेब,
मी प्रांजल, स्वतःच्या संमतीने दाखल झाले असून, मला आजच घरी सो—