डिकीत काही नव्हतं

फौजदारसाहेबांस,

नाही हो, तक्रार नाही करायची. कुणीतरी फोन केला की पांढऱ्या गाडीतून एक म्हातारी चोरटी दारू नेतेय, आणि तुम्ही भर चौकात आमची गाडी अडवलीत. फोनवाल्याला नाव नाही, गाव नाही, आणि मला मात्र मेलेल्या नवऱ्याचं नावसुद्धा विचारलंत. उद्या मी फोन केला की फौजदाराच्या जीपमध्ये चोरीची कोंबडी आहे, तर जीप उघडाल का?

डिकीत निघाली माझी एक बॅग. तीही तुम्ही बॉनेटवर पालथी केलीत. माझी नवी साडी, पुरुषाचा कोरा शर्ट. बघे दात काढत होते. "आजी, हा शर्ट कुणाला?" मी म्हटलं, "लेकाला." मग गाडी चालवणाऱ्यांकडे बोट केलंत, "आणि हे कोण?" मी म्हटलं, "ड्रायव्हर."

त्यांनी ऐकलं. तुम्ही सोडल्यावर मी पुढे बसायला गेले, तर त्यांनी मागचं दार उघडून धरलं. मला घरी सोडलं आणि पुन्हा फिरकले नाहीत.

फोन करणाऱ्याला डिकीत काय आहे ते ठाऊक नव्हतं, साहेब. गाडीत कोण बसलंय ते मात्र पक्कं ठाऊक होतं. पण त्याला काय बोल लावू? जीभ तर माझीच होती.

हे पत्र काही मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. ते ड्रायव्हर नव्हते. आम्ही लग्न करायला निघालो होतो.

तुम्ही झडती घेतलेली,
म्हातारी