बाष्पीभवनाचा नकाशा

११ जुलै १९९४

आज पुन्हा हात सुटला! आठवी ब. पहिल्या बाकावरच्या पोरीला विचारलं, बाष्पीभवन म्हणजे काय? पुस्तकातलं वाक्य घडाघडा म्हणाली. म्हटलं, मग दोरीवरचं लुगडं वाळतं कसं? तर पुन्हा तेच वाक्य, पहिल्यापेक्षा मोठ्याने! दोन ठेवून दिल्या.

तिचं काय चुकलं? पाठ करायला आपणच शिकवलंय. संध्याकाळी भाकरी थापतानाही हात चुरचुरत होता.

मे महिन्यात बदलापूरच्या प्रशिक्षणात एका बाईंनी संकल्पना-नकाशा शिकवला होता. एक शब्द एका चौकटीत, दुसरा दुसरीत, मध्ये रेघ आणि रेघेवर त्या दोघांचं नातं सांगणारा शब्द. रेघ मुलांनी स्वतःच्या डोक्याने ओढायची. तेव्हा वहीत उतरवून घेतलं आणि विसरले. उद्यापासून करते. आणि मारणार नाही. लिहून ठेवते — मारणार नाही!

१४ जुलै

शिक्षकांच्या खोलीत नकाशाचं सांगितलं, तर सगळे हसले. चिंतामणी सर — गणिताचे, बावीस वर्षं नोकरी, छडी कपाटात कुलपात ठेवतात — म्हणाले, “मालिनीबाई, फळ्यावर असली कोळिष्टकं काढून कोणी पास होत नाही. ह्यांना फटका कळतो फक्त.” मीही भडकले. सांगून टाकलं, सप्टेंबरच्या चाचणीत आठवी ब एकही फटका न खाता पास होईल. नाही झाली तर तुमची छडी मी स्वतः पुसून देईन!

बोलून बसले खरी.

२० जुलै

द्रौपदी आज डावा डोळा सुजून बंद झालेला घेऊन आली. शेवटच्या बाकावर बसते. एक ओळ पाठ होत नाही तिची. बाप शंकर, फॅक्टरीतून कमी केलेला, दिवसभर पितो आणि जे हातात येईल त्याने मारतो. आई गयाबाई उल्हासनगरला जीन्स धुण्याच्या कारखान्यात जाते.

गयाबाईच फाटकाशी भेटली. कोपरापर्यंत हात निळे. “बाई, ह्या चाचणीत पोरगी नापास झाली ना, तर तिचा बाप शाळा बंद करनार हाय. उल्हासनगर कॅम्पात टिकल्या चिकटवायचं काम बघून ठेवलंय त्यानं. कायतरी करा.”

करते म्हटलं. करणारच!

२६ जुलै

डोकं फुटायची वेळ आली. परवा नमुना म्हणून फळ्यावर पाण्याचा नकाशा काढला होता. आज म्हटलं, आता तुमचा तुम्ही काढा. बेचाळीस वह्या गोळा केल्या. एक्केचाळीस वह्यांत माझाच नकाशा! तीच चौकट, तोच कोपरा. फळ्यावर एका ठिकाणी खडू तुटला आणि रेघ अर्धवट राहिली होती. पोरांनी रेघ तिथेच तोडली आहे! नकाशासुद्धा पाठ केला मेल्यांनी. हसू की रडू कळेना. हात मागे बांधून वर्गात फिरत राहिले.

बेचाळिसावी वही द्रौपदीची.

२७ जुलै

तिची वही घरी आणली आहे. मधे लिहिलंय ‘बाष्पीभवन’. तिथून रेघ ‘ओलं फडकं’कडे. रेघेवर लिहिलंय, ‘वाळताना ऊन ओढून घेतं’. उष्णता हा शब्द तिला आठवला नसेल. तिथून पुढे ‘गार’, मग ‘सूज’. रेघेवर ‘उतरते’. आणि सगळ्यात खाली, ‘सूज’पासून ‘बाप’कडे. त्या रेघेवर एकच शब्द: ‘आणतो’.

सगळं बरोबर आहे. एकही रेघ चुकलेली नाही. मी दहा वर्षं बाष्पीभवन शिकवतेय आणि ते एका पोरीला समजलं, तेही बापाने मारल्यावर फडकं लावून लावून. रडले मी. आईने विचारलं, “काय गं?” म्हटलं, वही तपासतेय.

३ ऑगस्ट

चिंतामणी सर माझ्या तासाला वर्गात आले आणि तिची वही उचलून बघितली. “हे पुस्तकात कुठं आहे? फडकं? बाप?” म्हणत तिला बाकावर उभं केलं आणि पोटऱ्यांवर छडी. पहिली, दुसरी, तिसरी. पोरगी हलली नाही. सवय आहे तिला! माझं टाळकं सरकलं. छडी त्यांच्या हातातून ओढली, गुडघ्यावर घेतली आणि काडकन मोडली. गुडघा सुजलाय. सर म्हणाले, “हात तर तुमचाही काही कमी नाही, बाई.” वर्ग हसला.

झोंबलं. फार झोंबलं.

१२ ऑगस्ट

बुधवारी तपासणीसाहेब येणार. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, नवीन पद्धत दाखवायची आहे ना, मग सगळ्यांचा नकाशा एकसारखा आला पाहिजे, गडबड नको. मी ‘हो’ म्हटलं. फळ्यावर एकच नकाशा काढला आणि पोरांकडून सात-सात वेळा उतरवून घेतला. मी! जिने... जाऊ दे. एकदा तपासणी होऊ दे. साहेबांनी चांगला शेरा दिला की चिंतामणी सरांचं तोंड बंद होईल.

१७ ऑगस्ट

साहेबांनी नेमकं शेवटच्या बाकावर बोट ठेवलं.

द्रौपदी फळ्याशी गेली. सात वेळा उतरवलेला नकाशा तिला आठवला नाही. तिने तिचाच काढला, बापापर्यंत. साहेब हसले. “हे काय विज्ञान आहे, बाई? हिच्या घरची भांडणं?” मागे चिंतामणी सरही हसले. मी तोंड उघडून सांगायला हवं होतं की साहेब, हाच एक खरा आहे, बाकीचे सगळे पाठ केलेले आहेत. नाही सांगितलं. शेऱ्यात लिहून गेले: पद्धत निरुपयोगी.

शाळा सुटल्यावर तिला प्रयोगशाळेत बोलावलं. ती म्हणाली, “बाई, तुम्हीच म्हणाला होता ना, आपापला काढा?” आणि मी मारलं. उजव्या हाताने, होतं नव्हतं तेवढ्या जोराने, कानावर. ती टेबलावर आदळली. उठली, दप्तर घेतलं, गेली.

१८ ऑगस्ट

द्रौपदी आली नाही. मधल्या सुट्टीत तिच्या चाळीत गेले. भिंतीला टेकून बसली होती, कानातून रक्त आणि पाणी. शंकर कोपऱ्यात पडला होता, कालपासून शुद्ध नाही. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं. पडदा फाटलाय. “कुणी मारलं?” मी तोंड उघडलं, पण मी बोलण्याआधीच ती म्हणाली, “बापानं. काल संध्याकाळी.”

डॉक्टर शंकरला ओळखतात. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मी तिथेच उभी होते. काही बोलले नाही. माझ्यासारखी नीच बाई मीच!

२० ऑगस्ट

चाळीतल्या लोकांनी शंकरला नळावर धरला आणि तुडवला. बायकांनी चपलांनी मारलं, गयाबाई सगळ्यात पुढे. दोन दात पडले, बरगडी मोडली म्हणतात. न केलेल्या मारासाठी! आणि चिंतामणी सर शिक्षकांच्या खोलीत मला सांगतात, “असल्या बापांना असंच ठोकलं पाहिजे, नाही का बाई?”

२१ ऑगस्ट

ठरलं — उद्या सगळं सांगणार. आधी शंकरला, मग मुख्याध्यापकांना. नोकरी गेली तर जाऊ दे.

२२ ऑगस्ट

शंकर स्वतःच शाळेत आला. छातीला पट्टा, ओठ फाटलेला, पण शुद्धीवर. मी बोलायला लागले, त्याने हात जोडले. “बाई, त्या सांजंचं मला कायच आठवत न्हाय. पन माझा हात मला म्हाईत हाय. मीच मारलं आसनार. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली. आता नापास झाली तरी चालंल, दहावीपर्यंत शिकवनार तिला.”

मग निघताना वळून म्हणाला, “तिचा कान नाजूक झालाय. वर्गात कुनाला तिच्यावर हात टाकू देऊ नका तेवढं.”

नाही टाकू देणार, म्हटलं.